विशेषणाची जागा

"हा शब्द लबाड आहे," गाओ म्हणाला आणि त्यानं आपला मोबाइल माझ्या टेबलावर आपटला.

दुपारचे साडेतीन वाजले होते. चाकणच्या कारखान्यात कॅन्टीनच्या वर एक ट्रेनिंग रूम होती, तिथे दर सोमवारी आणि गुरुवारी मी सात चिनी इंजिनिअरांना इंग्रजी शिकवत असे. सहा जण गरीब होते. जे सांगेन ते वहीत उतरवून घ्यायचे. सातवा गाओ. वय पंचेचाळीसच्या आसपास, केस बारीक कापलेले, हातात कायम गरम पाण्याचा थर्मास. तो आल्या आल्या माझी उघडलेली खिडकी बंद करायचा. मी ती पुन्हा उघडायची. आमच्या प्रत्येक तासाची सुरुवात अशी व्हायची.

"एकच शब्द, दोन अर्थ," तो म्हणाला. त्याचं इंग्रजी मी इथे मराठीत सांगते आहे, मोडकं होतं तसं मोडकंच. "एक अर्थ, चांगला माणूस, काम सांभाळतो. दुसरा अर्थ, वाईट माणूस, नुकसान केलं, पोलीस पकडतो. मग ऐकणाऱ्याला कळणार कसं?"

शब्द होता 'रिस्पॉन्सिबल'.

"वाक्यात कळतं," मी म्हटलं.

"कुठल्या पानावर आहे?"

हा त्याचा ठरलेला प्रश्न. मी सत्तावीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं होतं, स्वेच्छानिवृत्ती घेऊन इथे आले होते. माझ्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही पोरानं मला पान विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर वर्गाबाहेर उभं राहून शोधलं असतं.

"आमच्याकडे सोपं," गाओ बाकीच्यांकडे बघत म्हणाला. "फू-त्झ-रन. काम सांभाळणारा माणूस. विशेषण आधी, माणूस नंतर. कायम आधी. माझ्या लाइनवर पाटी आहे, बघा जाऊन."

पाटी मी पाहिली होती. प्रत्येक लाइनवर अशी एक पाटी त्यांनी लावली होती. प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला फोटो, वर चिनी अक्षरं आणि खाली इंग्रजीत 'रिस्पॉन्सिबल पर्सन'. लाइन तीनच्या पाटीवर गाओचा फोटो होता, लग्नाला उभ्या केलेल्या मुलासारखा ताठ.

"पण इथे बघा." त्यानं सरावाच्या पेपरवर बोट ठेवलं. "'द पर्सन रिस्पॉन्सिबल'. इथे विशेषण नंतर. का? छपाईची चूक?"

"चूक नाही."

"मग अर्थ बदलला?"

प्रश्न चांगला होता. दहावीच्या वर्गात एखाद्या पोरानं तो विचारला असता, तर मी त्याला पुढच्या बाकावर बसवलं असतं. पण त्याच सकाळी प्रॉडक्शन मॅनेजर वाळिंबेसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून एक कागद दाखवला होता. गाओची तक्रार. 'ही बाई लहान मुलांचं इंग्रजी शिकवते. वाक्यं दहा-दहा वेळा लिहायला लावते. वेळ वाया जातो.' वाळिंबे हसत होते. मला हसू आलं नव्हतं.

"पुढच्या तासाला सांगेन," मी म्हटलं आणि खडू ठेवला.

गाओनं थर्मासचं झाकण लावलं आणि शेजाऱ्याला इंग्रजीत म्हणाला, म्हणजे मला कळावं म्हणून, "टीचरला माहीत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला माहीत होतं. अगदी पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, लाइन तीनच्या प्रेस मशीनमध्ये विलास थिटेच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

विलास माझा विद्यार्थी. कडूसचा. दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झाला, तिसऱ्या वेळी मी त्याला सुट्टीत घरी बसवून घेतला तेव्हा पस्तीस मार्क पडले. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आला होता. या कारखान्यात कंत्राटावर लागला तेव्हा गेटवर मला बघून एवढा खूश झाला की रांग सोडून पाया पडायला आला. सिक्युरिटीवाला त्याच्यावर खेकसला होता.

मी दवाखान्यात गेले. त्याचा हात बँडेजमध्ये होता आणि आई पायाशी बसून होती. ती त्या हाताकडे बघत होती.

"कसं झालं रे?" मी विचारलं.

"गाव वरडला, बाई."

पोरं गाओला 'गाव' म्हणायची. तो ओरडायला लागला की 'गाव जागं झालं' म्हणायची.

"काय ओरडला?"

"काय म्हायती. त्यांच्या भाषेत. लांबून पळत आला आन् जोरात वरडला. म्या वळून बघितलं. हात आतच व्हता." त्यानं डावा हात पुढे करून बघितला. "आता पेन कसं धरायचं, बाई?"

मी बाहेर येऊन रिक्षात बसले आणि गाओला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या, की माझ्या तोंडात त्या आहेत हेच मला माहीत नव्हतं. उभ्या कारखान्यात त्याच्याइतका कुणी ओरडत नसे. त्याच्यासमोर पोरांच्या हातून स्पॅनर गळून पडायचे. आणि आता हे.

सोमवारी वाळिंबेसाहेबांनी पुन्हा बोलावलं.

"ढमढेरे बाई, बुधवारी फॅक्टरी इन्स्पेक्टर येतोय. चौकशी आहे. गाओचं निवेदन लागेल, त्याच्याच हातचं. इंग्रजीत. तेवढं तपासून द्या."

"काय लिहायचंय त्यात?"

"जास्त काही नाही हो. लाइन कोणाकडे आहे, एवढंच. बाकी तोंडी होईल." त्यांनी चष्मा पुसला. "'रिस्पॉन्सिबल' शब्द त्यात नीट यायला हवा, एवढं बघा. तुम्ही जाणत्या आहात. विलास तुमचाच विद्यार्थी ना?"

"हो."

"वाईट झालं," ते म्हणाले आणि फोन उचलला.

तासाला गाओ आला. त्या दिवशी त्यानं खिडकी बंद केली नाही. थर्मास आणला नव्हता. बाकीचे सहा जण वह्यांवर माना घालून बसले होते. मी घरच्या अभ्यासाच्या वह्या गोळा केल्या. दर वेळी 'माझा दिवस' या विषयावर पाच वाक्यं लिहून आणायची, असा माझा नियम होता. गाओनं वहीबरोबर कंपनीचा छापील फॉर्म पुढे केला. वर छापलं होतं, 'लाइन तीनवरील अपघात', आणि खाली त्यानं पेन्सिलीनं दोन वाक्यं लिहिली होती.

'आय ॲम रिस्पॉन्सिबल पर्सन. आय कॅन आन्सर ऑल क्वेश्चन.'

"पाटीवर आहे तेच लिहिलं," तो म्हणाला. "बरोबर?"

मी लाल पेन काढलं. 'क्वेश्चन'ला एक 'एस' लावला. मग पहिल्या वाक्याकडे वळले, 'रिस्पॉन्सिबल'भोवती गोल केला आणि त्यातून एक बाण काढला. बाण 'पर्सन'च्या डोक्यावरून पलीकडे नेला. आधी एक 'द' घातला.

'आय ॲम द पर्सन रिस्पॉन्सिबल.'

गाओ वाकून बघत होता. त्याच्या शर्टाला मशीनच्या तेलाचा वास येत होता.

"नंतर?" त्यानं विचारलं. "गुरुवारी विचारलं होतं तसं?"

"हो."

"अर्थ तोच?"

"सेम," मी म्हटलं. "बेटर इंग्लिश."

त्यानं मान हलवली. खुर्चीवर बसून, पट्टी लावून, शाळकरी अक्षरात निळ्या पेनानं ती ओळ फॉर्मवर उतरवली. खाली सही केली, चिनीत आणि इंग्रजीत. मग उठून माझ्या टेबलापाशी आला.

"थँक यू, टीचर."

आठ महिन्यांत तो हे पहिल्यांदा म्हणाला होता. मी वह्या पिशवीत भरल्या आणि खाली उतरले.

संध्याकाळी घरी चहा घेऊन वह्या तपासायला बसले. गाओची वही सगळ्यांत वर होती. शुक्रवारचं पान उघडलं.

'शुक्रवार. मी हात बघितला. मी पळालो. मी थांब म्हणालो. चिनीत म्हणालो. इंग्रजी आलं नाही.'

पाच वाक्यं. बरोबर पाच. माझ्या हातातल्या लाल पेनाचं टोपण काढलेलं होतं.

मी पानं मागे उलटत गेले. तीन आठवड्यांपूर्वीचं पान. 'बटण दोन झोपलं आहे. माणूस एका हातानं काम करतो. मी भितो.' त्याखाली माझ्या अक्षरात लाल शाईनं: 'बटणं झोपत नाहीत! बटण नादुरुस्त आहे, असे लिहा. दहा वेळा.'

त्या प्रेसला दोन बटणं होती, हे लाइनवरून येता-जाता मीही पाहिलं होतं. दोन्ही हात दोन्ही बटणांवर असले तरच प्रेस खाली यायचा, म्हणजे हात आत सापडायचा प्रश्नच नाही. पुढच्या पानावर गाओनं लिहिलं होतं, 'बटण दोन चिकटपट्टी लावून झोपवलं आहे. काम जलद. मी वाळिंबेला सांगतो. वाळिंबे उद्या म्हणतो.' मी 'सांगतो'चा काळ सुधारला होता आणि 'मिस्टर' घातला होता. त्याच्या पुढच्या पानावर, 'आज पण वाळिंबे उद्या म्हणतो.' तिथे मी शेरा दिला होता, 'तेच तेच लिहू नका.'

आणि मधल्या एका अख्ख्या पानावर, एकाखाली एक, पट्टी लावून:

'द बटन इज नॉट वर्किंग. द बटन इज नॉट वर्किंग. द बटन इज नॉट वर्किंग.'

दहा वेळा. शेजारी एक ते दहा आकडे. आकडे माझे. खाली तारीख, 'पाहिले', आणि माझी सही.

चहा तसाच राहिला. मी ते पान किती वेळा वाचलं ते सांगता येणार नाही. रडू आलं नाही. स्वतःची एवढी किळस मला आधी कधी आली नव्हती आणि नंतरही नाही.

मंगळवारी मी वाळिंबेंच्या केबिनमध्ये गेले. "साहेब, गाओच्या निवेदनात एक दुरुस्ती आहे."

"निवेदन गेलं, बाई. फाइलला लागलं."

"शब्द मागे-पुढे झालाय. अर्थ बदलतो."

"अर्थ मला कळलाय," ते म्हणाले. आवाज चढला नाही. "तुमचं काम संपलं. विलासला कंपनी कायम करेल, बसून करायचं काम देईल. स्टोअरला. ते तुम्हाला नको आहे का?"

"बटणाला पट्टी कोणी लावली, साहेब?"

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "तुम्ही व्याकरण शिकवता," ते म्हणाले. "व्याकरणच बघा."

बुधवारी चौकशी ट्रेनिंग रूममध्येच झाली, कारण तिथेच फळा आणि लांब टेबल होतं. इन्स्पेक्टर पन्नाशीचे, कपाळावर घाम, हातात फाइल. वाळिंबे त्यांच्या उजवीकडे. गाओ समोर, इस्त्रीचा शर्ट घालून. दुभाषा म्हणून मला कोपऱ्यात बसवलं होतं. माझ्या पिशवीत वही होती.

इन्स्पेक्टरांनी फॉर्म वाचला आणि गाओला इंग्रजीत विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत?"

"येस."

"कोणी जबरदस्ती केली?"

"नो."

"यू आर द पर्सन रिस्पॉन्सिबल?"

"येस," गाओ म्हणाला. तो पाटीवरच्या फोटोसारखाच ताठ बसला होता. "आय कॅन आन्सर ऑल क्वेश्चन्स." 'एस' त्यानं मुद्दाम स्पष्ट म्हटला.

इन्स्पेक्टरांनी चष्म्यावरून वाळिंबेंकडे पाहिलं. "मग विचारायचं काय राहिलं? स्पष्ट कबुली आहे. पोलिसांकडे जाईल. पासपोर्ट जमा करून घ्या त्यांचा."

"दुर्दैव," वाळिंबे म्हणाले. "माणूस तापट आहे, सगळ्यांना माहीत आहे."

गाओ सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता. प्रश्न कधी सुरू होतात याची वाट बघत होता.

"साहेब, मला बोलायचंय," मी म्हटलं.

"बाई, भाषांतराची गरज पडली तर सांगू," वाळिंबे म्हणाले.

"भाषेचंच बोलतेय." मी उठले आणि वही इन्स्पेक्टरांपुढे ठेवली. "यांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं 'रिस्पॉन्सिबल पर्सन'. विशेषण आधी. म्हणजे लाइन सांभाळणारा. त्यांच्या पाटीवर तेच आहे, खाली जाऊन बघा. मी ते उचलून नंतर टाकलं. तिथे गेलं की अर्थ होतो, ज्याच्यामुळे हे घडलं तो. यांना हा फरक माहीत नाही. चिनीत विशेषण कधी नंतर येतच नाही. त्यांनी मला विचारलं होतं, अर्थ तोच का. मी हो म्हटलं."

इन्स्पेक्टरांनी फॉर्म पुन्हा हातात घेतला.

"म्हणजे तपासताना तुमच्याकडून चूक झाली," इन्स्पेक्टर म्हणाले. ते मला वाट करून देत होते. चांगले गृहस्थ होते. "होतं असं. इंग्रजी आपली भाषा थोडीच आहे?"

एवढंच म्हणायचं होतं, 'हो साहेब, चूक झाली.' नोकरी राहिली असती, नावही राहिलं असतं.

"चूक नाही," मी म्हटलं. "सत्तावीस वर्षं हाच फरक शिकवला मी. मला माहीत होतं. याला अडकवायचं म्हणून मी ते केलं."

"काय बोलताय तुम्ही!" वाळिंबे उभे राहिले. "साहेब, या बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. विलास यांचा..."

"पान चौदा बघा," मी म्हटलं. "आणि पंधरा. आणि सोळा. तारखा आहेत. माझी सही आहे."

इन्स्पेक्टर वाचत राहिले. चिकटपट्टीच्या ओळीशी त्यांचं बोट थांबलं. ते वाळिंबेंना म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसा."

मग मला म्हणाले, "यांना समजावून सांगा. आपण काय लिहून दिलंय ते यांनाच कळलेलं दिसत नाही."

म्हणून गुरुवारचा राहिलेला तास मी बुधवारी घेतला. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या, वर 'रिस्पॉन्सिबल पर्सन', खाली 'पर्सन रिस्पॉन्सिबल'. पहिलीखाली रेघ मारून म्हटलं, हा काम सांभाळतो, यावर भरवसा ठेवतात. दुसरीखाली रेघ मारून म्हटलं, याच्यामुळे नुकसान झालं, याला शिक्षा होते. गाओनं खिशातून डायरी काढली आणि दोन्ही ओळी उतरवून घेतल्या. लिहिता लिहिता त्याचं पेन थांबलं. त्यानं टेबलावरच्या फॉर्मकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सोमवारी," तो म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

तो डायरी बंद करून खिडकीबाहेर बघत बसला.

त्या आठवड्यात माझी नोकरी गेली, ती जायलाच हवी होती. वाळिंबेंवर केस झाली. गाओचं निवेदन रद्द केलं आणि त्याच्या लाइनवर नवी बटणं बसली. विलासला स्टोअरला लावलं. तो डाव्या हातानं लिहायला शिकला, पण मला भेटायला आला नाही. मी त्याला दवाखान्यातच सगळं सांगितलं होतं, वहीतल्या त्या पानासकट. ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "बाई, तुमी वाचलं व्हतं?" आणि कूस वळवली.

त्याच आठवड्यात शनिवारी मी माझं सामान घ्यायला कारखान्यात गेले. एक छत्री, खडूचा डबा, दोन व्याकरणाची पुस्तकं. ट्रेनिंग रूममध्ये गाओ एकटाच बसला होता. फळ्यावरच्या दोन ओळी कोणी पुसल्या नव्हत्या. खिडकी उघडी होती.

मी पुस्तकं पिशवीत टाकली. वाटलं, हा काहीतरी म्हणेल. खरं सांगायचं तर आशा होती. त्याचा पासपोर्ट त्याच्या खिशात होता, तो माझ्या बोलण्यामुळेच होता ना. माणूस आहे, मनात काहीतरी असेलच.

"मिस्टर गाओ," मी म्हटलं, "आय ॲम सॉरी."

तो उठला. टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"दहा वेळा लिहिलं," तो इंग्रजीत म्हणाला. "तुम्ही दहा मोजले."

"हो."

"वाचलं नाही."

मी खडूचा डबा पिशवीत ठेवला.

"टीचर, यू आर..." तो म्हणाला आणि थांबला. त्यानं फळ्याकडे पाहिलं. वरची ओळ वाचली, मग खालची. ओठ हलत होते. शब्द कुठे ठेवायचा ते तो ठरवत होता आणि मी, एवढं सगळं करून, वरच्या ओळीची वाट बघत होते.

"यू आर द पर्सन रिस्पॉन्सिबल," तो म्हणाला.

'द' जागच्या जागी होता. विशेषण नंतर होतं. त्या वाक्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं.